फाटकासमोरचे मावळे

बाबांच्या कंपनीला मालकानं टाळं ठोकलं, त्या वर्षी मी दहावीत होते. अंबरनाथला फाटकासमोर ताडपत्री बांधून कामगार बसले होते. दिवाळी आली तरी बसलेलेच. एकेक जण राजीनाम्यावर सही करून घरी जात होता. बाबाही आईला म्हणाले, "पाडव्याला मीपण सही करून टाकतो." मला असा संताप आला! पण पोरीचं कोण ऐकतंय?

त्याच सुमारास रद्दीतल्या मासिकात चीनच्या जुन्या राजाच्या थडग्यात सापडलेले मातीचे शिपाई पाहिले. रांगाच्या रांगा, आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा. कधीकाळी रंगवलेले, एखाद्याच्या गालावर रंग अजून चिकटून होता. आमच्या बाजारात दिवाळीच्या किल्ल्यासाठी मिळणारे मावळे साच्यातले, सगळ्यांना एकच मिशी. मी ठरवलं, यंदा किल्ला फाटकासमोर करायचा आणि मावळे आपल्या माणसांचे.

पालेगावात इमारतीच्या पायासाठी खणलेली चिकणमाती आणली. रंगाला गेरू, चुना, काजळी. बसलेल्यांपैकी एकेकाकडे बघत मावळे केले. कुणाचं बसकं नाक, कुणाचा चष्मा, बाबांच्या कपाळावरची खोक. "अगं, मला जरा केस दे की," टक्कल पडलेले एक काका म्हणाले. त्यांना मी फेटा बांधला. किल्ल्यावर पेरलेली मोहरी उगवली आणि मावळे उभे राहिले.

पाडव्याच्या सकाळी मालकाचा माणूस सह्यांचे कागद घेऊन आला. "हा पसारा उचला आधी," म्हणाला, आणि सगळ्यात पुढचा मावळा बुटानं उडवला. नेमके बाबाच! मुंडकं गटारापर्यंत घरंगळत गेलं.

बाबा उठले. आता सही करणार, असं मला वाटलं आणि रडू फुटलं. त्यांनी मुंडकं उचललं, लेंग्याला पुसलं, ओल्या मातीनं धडावर बसवलं. मावळा परत होता तिथेच, पुढे, उभा केला. मग म्हणाले, "साहेब, कागद घेऊन जा. आम्ही हितंच बसलोय."

कंपनी काही उघडली नाही. आज तिथे टॉवर आहे. 'बसून काय मिळालं?' असं नातेवाईक अजून विचारतात. विचारू देत. चिनी राजाचे शिपाई मेलेल्या धन्यासाठी अंधारात उभे होते. आमचे जिवंत मालकाच्या तोंडावर, भर उन्हात उभे राहिले.

बाबांनी शेवटपर्यंत सही केली नाही. तो मावळा माझ्या शोकेसमध्ये आहे, मानेवरच्या भेगेसकट. येणारे-जाणारे म्हणतात, बुजवून घे ती.

का म्हणून बुजवू?