पडद्यामागे अप्पा, पडद्यापुढे मी

आपल्याच फजितीची गोष्ट आपल्याच तोंडाने सांगायची म्हणजे जीभ जरा अडखळतेच. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका.

लातूरला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा मी नवा सचिव. नांदेडहून एम.ए. होऊन नुकताच परतलेलो. डोक्यात एकच, सगळं बदलायचं आणि तेही याच नाताळाच्या आत! पहिला नंबर लावला सिनेमांचा. नाताळाच्या सुट्टीत आमच्या घरोघरी काय बघतात? बर्फ, घंटा, लाल डगला, खोकीच्या खोकी भेटवस्तू. सगळं असतं, फक्त ज्याचा वाढदिवस तोच नसतो! बारशाला जायचं, जेवायचं आणि बाळाकडे न बघताच परत यायचं, असं कुणी करतं का?

म्हणून ठरवलं, रविवारी दुपारी मंडळीच्या हॉलमध्ये एक कौटुंबिक सिनेमा लावायचा, मध्येच थांबवायचा आणि ख्रिस्ती दृष्टीने त्याची चर्चा करायची. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर दहापैकी गुण. खरं सांगू? सिनेमा मी नापास करायलाच निवडला होता. एक खडूस खेळणीवाला, मुलाशी बोलणं बंद, नाताळात सांता होऊन दुकानाच्या दारात उभा राहतो. पहिला अर्धा तास मी बघितला. पुढचा कशाला बघायचा? एम.ए. ना मी!

आता मला जे ठाऊक नव्हतं, ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. पडदा म्हणून दोन चादरी जोडून टांगल्या होत्या आणि त्यांच्यामागे महादेवअप्पा बसले होते. गंजगोलाईच्या बाजारात किराणा दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि वरून सांताचा लाल डगला! आमच्या शांतामावशींचे यजमान आधी सांता व्हायचे. ते वारले त्या वर्षी पोरं हिरमुसली, तर शेजारच्या अप्पांनी डगला चढवला आणि पुढे दर नाताळाला तेच. मी त्या वर्षांत नाताळ नांदेडलाच करायचो, मला काय पत्ता! सिनेमा संपला की अप्पांनी राजगिऱ्याचे लाडू घेऊन बाहेर यायचं, असं मावशींनी ठरवलेलं. मला सांगितलं नाही, का तर गंमत!

सिनेमा सुरू झाला. खेळणीवाला मुलाच्या घराशी आला, दार वाजवायला हात उचलला… आणि मी थांबवला.

“अरे दानियल!” शांतामावशी ओरडल्या. “दार तर उघडू दे की!”

“आधी चर्चा, मावशी.”

“त्येला पोरगं घरात घेतंय का न्हाई, ते बघून चर्चा कर की रे!”

मी ऐकतो होय? सुरूच झालो. “हा लाल डगल्यातला म्हातारा कोण? आपल्या नाताळाशी याचा संबंध काय? दाढी खोटी, पोट खोटं!”

पडद्यामागून खोकला आला. मावशी डोळे मोठे करून हातवारे करायला लागल्या. मला वाटलं, बाई भारावल्या! मी आवाज आणखी चढवला.

“ज्याला प्रभू ठाऊक नाही, त्याने आमच्या नाताळात मिरवू नये. अशाला मी या दारातून आत येऊ देणार नाही!”

सात वर्षांची रुथ रडायलाच लागली. “मंग आमचं लाडू?”

“कसले लाडू?” मी विचारतोय, तोवर चादर बाजूला झाली.

अप्पा बाहेर आले. दाढी हातात, डगला घामाने ओला.

हा माणूस आता उलट पावली गेला तर? पोरांचा सांता जाईल, ते वेगळंच. पण मावशींच्या यजमानांच्या दफनाला दुकान बंद ठेवून खांदा देणारा शेजारी तुटेल आणि तोडणारा मी असेन.

“शरणू शरणार्थी, पाळकसाहेब,” अप्पांनी आधी आमच्या चर्चच्या पाळकांना हात जोडले. मग माझ्याकडे वळले. “सचिवसाहेब, दाढी खोटी हाय, कबूल. पर पोट खरं हाय बरं का माझं!”

हॉल खो खो हसायला लागला. मी कसाबसा म्हणालो, “अप्पा, माफ करा. मी सिनेमाबद्दल…”

“न्हाई, पटलं की मला. ज्येचा सण, त्येचं नाव घ्यावंच. म्या लाडू देताना पोरांला आधी इचारतो, वाढदिवस कुणाचा? येशूबाळाचा म्हणलं की मगच लाडू. पर घरचाच माणूस पायजे म्हणता, तर घ्या.”

आणि हसत हसत त्यांनी डगला माझ्याच अंगावर घातला! शांतामावशी निवृत्त नर्स. त्यांनी माझ्या पोटाला उशी अशी आवळली की श्वास घ्यायचीही परवानगी लागावी.

“अप्पा, पुढं बसा,” पाळकसाहेब म्हणाले. “दानियल, सिनेमा लाव आणि जा मागं.”

अप्पा पहिल्या रांगेत, मांडीवर रुथ. मी चादरीमागे, डगल्याच्या उकाड्यात, सिनेमा उलटा बघत. मुलाने दार उघडलं. म्हाताऱ्याने दाढी काढून माफी मागितली. शेवटी दोघांनी मिळून चर्चमधल्या गव्हाणीत येशूबाळ ठेवलं. माझ्या भाषणातलं सगळं त्या सिनेमाने माझ्याआधीच सांगून ठेवलं होतं, तेही न ओरडता! काय सुंदर सिनेमा होता हो. आणि केवढा मोठा माणूस, जो एवढ्या उकाड्यात माझं भाषण ऐकत बसला!

मग मी लाडू घेऊन बाहेर आलो. दाढीचा कापूस तोंडात. “वाढदिवस कुणाचा?”

“येशूबाळाचा!” रुथ म्हणाली. “पर तू दानियल हायस.”

शेवटी चिठ्ठ्या उघडल्या. सिनेमाला सगळ्यांनी दहापैकी दहा दिले होते. रुथच्या चिठ्ठीवर खाली एक जादा ओळ होती, ‘सांताला दोन. लाडू चांगले होते म्हणून.’

आणि लाडू अप्पांचे होते!