सायत्राबाई आणि आतून लागणारी कडी

सायत्राबाईने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, तेव्हा ती ना भाकरी मागत होती ना पैसे. फाटकाबाहेर उभी राहून, पदर तोंडाला घट्ट बांधून तिने विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्या संडासले आतून कडी हाये का?" शाळेत जन्म गेला, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गडबडून म्हटलं, "आहे की."

"लागते का पन? का नुसतीच हाये?"

टाळेबंदीचे दिवस होते. ती चौकातल्या बसस्थानकावर राहायची. मूळची सिहोऱ्याकडची, नवऱ्याने घराबाहेर काढलेली, एवढंच गावाला ठाऊक. डोकं ठिकाणावर नाही, असं सगळे म्हणत. स्वतःशीच बोलायची आणि मधूनच दचकून मागे बघायची. "तो येते," म्हणायची. तो कोण, हे तिने कधीच सांगितलं नाही. बाकी मोठी नीटनेटकी बाई, केस चापूनचोपून बसवलेले. जीभही तिखट. जेवणाची पाकिटं वाटणारी पोरं फोटो काढायला लागली की म्हणायची, "पहिले फनी आना रे, मंग काढा फोटू."

बस बंद झाल्या तसं स्थानकावरच्या शौचालयाला कुलूप लागलं. उघड्यावर जायची तिची छाती होत नव्हती, मग ती पाकिटंच परत करायला लागली. "जेवलं का मंग जा लागते. जाऊ कोठं?" पोरांना हा वेडेपणा वाटायचा. यात वेडेपणा कुठे आहे, ते मला आजही सापडलेलं नाही.

त्या दिवसापासून ती रोज माझ्या परसातल्या संडासात यायला लागली. कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. ती खडखड मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मग बराच वेळ आतच बसून राहायची. एकदा मी काळजीने हाक मारली, तर आतून म्हणाली, "बरी हाव, माय. जराशी बसू द्या. इथं कोनी येत नाई." बाहेर आली की तोंड धुवायची, तांब्याभर पाणी गटागटा प्यायची, भातही मागून खायची. तिचं ते दचकणं कमी झालं होतं. मला फार बरं वाटायचं.

मग आमच्या गल्लीत करोना निघाला. दोन्ही तोंडांना बांबू ठोकले, पहारा बसला. सायत्राबाई पलीकडून ओरडत होती, "बाई, सांगा ना याले, मले आत येऊ दे म्हना!" मी अंगणातून पहारेकऱ्याला खूप विनवलं, पण त्यालाही वरून हुकूम होता. शेवटी तिलाच ओरडून सांगितलं, "सायत्रा, ऊन फार आहे, पाणी पीत राहा गं."

"पानी पेऊन जाऊ कोठं, बाई?"

बांबू निघाले त्या सकाळी मी आधी स्थानकावर धावले. चौकशीच्या खिडकीखाली ती पडली होती, ओठ फुटलेले, अंग तापलेलं. मला तिने ओळखलं. पण माझ्या हातातला तांब्या दिसताच मान फिरवली. रुग्णवाहिका तिला भंडाऱ्याला घेऊन गेली आणि संध्याकाळी ती गेल्याचा निरोप आला. कुणी करोना म्हणालं, कुणी ऊन लागलं म्हणालं.

तिचं बोचकं उचलायला दुसऱ्या दिवशी मीच गेले. लुगड्याच्या घडीखाली पाण्याच्या बाटल्या होत्या, पोरांनी वेळोवेळी दिलेल्या. मला तिथेच रडू कोसळलं. गावाने तिला पाणी दिलं नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. एकाही बाटलीचं झाकण तिने उघडलं नव्हतं.