गोड्या विहिरीवरचं लग्न

निघताना सरपंचांनी मला दोनच कामं सांगितली होती. वसईची सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) आणायची आणि उन्हावर चालणारा पंप बघून यायचा. आमच्या माणदेशातल्या गावात तसला पंप बसवायचं नुसतं घाटत होतं. कोणी म्हणे ढग आले की तो बंद पडतो, कोणी म्हणे त्याच्या काचा माकडं फोडतात. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तरी आम्ही अजून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसत होतो. शाळेला मे महिन्याची सुटी, धाकटी बहीण वसईजवळ माणिकपूरला, आणि मी शिक्षिका, म्हणजे गावाच्या मते रिकामी. तेव्हा हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

माणिकपूरला बहिणीच्या घरी पोचले तर तिथेही टँकरच. खाली हॉर्न वाजला की बहीण गॅसवरचा तवा तसाच सोडून गच्चीवर पाण्याची टाकी बघायला धावायची. म्हटलं, दुष्काळातून आले ती दुष्काळातच आले, फरक एवढाच की इथे लिफ्ट आहे.

बहिणीकडे मासे द्यायला मार्था नावाची कोळीण यायची. उंच, खणखणीत आवाजाची, डोक्यावर पाटी. तिला बहिणीने पंपाचं विचारलं, तर तिने पाटी उतरवून कमरेवर हात ठेवले.

"तो पंप माझी पोरच चालवते, ताई. रेजिना. परवा लगीन हाय तिचं. या की दोघी बहिनी!"

बहिणीला रजा नव्हती. मी मात्र लगेच तयार झाले. पंप बघणं आणि लग्न खाणं एका फेरीत होत असेल तर कोण सोडतो?

वस्तीचं नाव मी लिहीत नाही. पुढे जे झालं ते वाचल्यावर तुम्हीही विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. पापडी आली तशी दोन्ही बाजूंनी केळीच्या, अळूच्या वाड्या लागल्या, मध्येच चर्चचा पांढरा मनोरा. आमच्या डोळ्यांना इतक्या हिरव्याची सवय नाही, मी वेड्यासारखी बाहेर बघत राहिले. वसई गाव गेलं, किल्ल्याचा तट मागे पडला आणि वाळू सुरू झाली तिथे रिक्षावाल्याने हात वर केले.

"इथून पुढे रेती आहे मॅडम. गाडी फसली तर तुम्हालाच धक्का मारावा लागेल."

उतरले आणि चार पावलांत चपलेचा अंगठा तुटला. तापलेल्या वाळूतून नाचत नाचत, हातात चपला घेऊन मी लग्नघरी निघाले. मुद्दाम ठरवूनही यापेक्षा वाईट प्रवेश झाला नसता.

आधी दिसले बांबूंवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. त्यांच्या पलीकडे लोखंडी चौकटीवर कलत्या बसवलेल्या काळ्यानिळ्या काचा, खाली सिमेंटची झाकलेली विहीर, शेजारी टाकी आणि नळ. आणि हातात हिरवा चुडा भरलेली एक मुलगी ओल्या फडक्याने त्या काचा पुसत होती. हीच नवरी, हे मला सांगावं लागलं नाही.

"उद्या लग्न आणि आज काचा पुसतेस?" मी विचारलं.

"कावळे थांबतात काय लग्नासाठी?" रेजिना हसली. "बोंबील खातात आनि हात धुवायच्या ऐवजी इथे येऊन बसतात."

तिने मला सगळं फिरवून दाखवलं. पूर्वी विहीर उघडी होती. दर पावसाळ्यात वस्तीत कावीळ, जुलाब. तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला. ते सांगताना तिने फडकं पिळायला घेतलं आणि बराच वेळ पिळत राहिली. पुढे एका संस्थेने हा पंप बसवला, आणि दहावी झालेली म्हणून रेजिनाला त्याचं काम शिकवलं. पाणी टाकीत चढतं, तिथे औषध पडतं, मग नळाला येतं. काविळीचं नाव वस्तीतून गेलं.

नळाची धार मात्र करंगळीएवढीच होती. आमच्या गावाला दाखवली असती तर म्हणाले असते, एवढ्यासाठी बाईंना वसईला पाठवलं?

"बारीकच पायजे," रेजिना म्हणाली. "समुद्र जवळ ना. खाली सगळं खारं पानी. गोडं त्याच्यावर बसलेलं असतं, दुधावरच्या सायीसारखं. हळू हळू काढलं तर गोडं मिळतं. घाई केली की खालचं खारं वर येतं, आनि मग विहीर गेली."

टाकीवर तिच्या वळणदार अक्षरांत रंगवलेलं होतं: विहिरीत इंजिन लावू नये. हा नियम तिने घरोघरी जाऊन, भांडून सगळ्यांच्या गळी उतरवला होता. मी पाणी प्याले. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात. इथे गुळाची गरज नव्हती. तिने माझी बाटलीही भरून दिली.

एवढ्यात तिचे वडील आले. पास्कू, होडीचे तांडेल (होडीचा प्रमुख), दार भरून टाकणारा माणूस. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाय, मासं नाय खायचं तर वसईत काय विहीर बघाया आल्यात?"

"हो," मी म्हटलं. सगळा मांडव हसला. पण त्यांनी लगेच आत ओरडून माझ्यासाठी बटाट्याची भाजी टाकायला सांगितली.

त्यानंतर थोड्याच वेळात मळभ आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं आभाळाने डोक्यावर घोंगडं टाकलेलं. दुपारपर्यंत करंगळीएवढी धार सुतळीएवढी झाली. इकडे पाहुणे लोटत होते. अर्नाळ्याचे आले, पाचूबंदरचे आले, मुंबईहून आले. उकाड्याने प्रत्येक जण आल्या आल्या पाणी मागत होता. पास्कूने टँकर सांगून ठेवला होता. ते दर थोड्या वेळाने वाळूच्या कडेपर्यंत जाऊन रस्ता बघून येत. मे महिन्यात टँकर आधी इमारतींकडे जातात, हे काय मला नव्याने कळायचं होतं!

संध्याकाळी बँड आला आणि बायका उंबराचं पाणी आणायला निघाल्या. (लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीच्या अंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, ते हे.) त्यासाठी विहिरीचं झाकण काढलं. आत्यांनी, माम्यांनी गाणी म्हणत दोराने कळश्या भरल्या. मला गाण्यातलं निम्मं कळलं नाही, पण टाळ्या मी सगळ्या वाजवल्या. ते पाणी डोक्यावरून घरात गेलं आणि रेजिनाला अंघोळीसाठी आत नेलं.

तोपर्यंत नळ बंद पडला होता. टाकी कोरडी. जेवणं व्हायची होती. वरपक्षाची माणसं रात्रीच्या जेवणाला येणार होती. पास्कू एकदा आभाळाकडे बघत, एकदा रस्त्याकडे. मग ते किनाऱ्यावर गेले आणि होडीतलं पाणी उपसायचं इंजिन खांद्यावर घेऊन आले.

मार्था आडवी आली. "पास्कू, नको. पोरीला काय सांगशील?"

"पोरीच्या लग्नात मानूस माझ्या दारातून तहानलेला जाईल? आजच्या दिवसापुरतं, मार्था. एकदाच."

झाकण काढलेलंच होतं. त्यांनी पाइप आत सोडला आणि बँडवाल्यांना जाऊन सांगितलं, "जोरात वाजवा. आतपर्यंत ऐकू गेलं पायजे." बँड इतक्या जोरात वाजू लागला की इंजिनाचा आवाज घरात कोणाला ऐकू आला नसेल. तो रेजिनाच्या कानावर जाऊ नये म्हणूनच तर हा जोर होता. पिंपांमागून पिंपं भरली. त्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही इंजिनच लावलं असतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

लग्नाच्या सकाळी मांडवात चहाचं मोठं पातेलं चढलं आणि चहा फुटला. दूधवाल्याचा उद्धार झाला. दुसरं दूध आणलं, तोही फुटला. मार्थाने पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. पास्कूने त्याच पिंपात पेला बुडवला आणि ते उभ्या उभ्या तळापर्यंत प्याले. मग कोट घातला आणि मुलीला चर्चमध्ये घेऊन गेले.

लग्न थाटात झालं. फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) आणि माझी बटाट्याची भाजी मी खाल्ली, पण चव लागली नाही. जेवणं उरकल्यावर टँकर आला. ड्रायव्हर विचारत होता, पाणी कुठे ओतू. रेजिनाला कोणी काही कळू दिलं नव्हतं. तिच्या पुढ्यात सबंध दिवस बाटलीतलं सरबतच जात होतं. सासरी निघताना तिने वाळूतून मागे वळून काचांकडे बघितलं आणि आईला ओरडून सांगितलं, "आये, फडकं ओलं असू दे हां, सुक्याने चरे पडतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा मळभ साफ गेलं होतं. ऊन असं लख्ख, की पंप झकास चालला होता. करंगळीएवढी धार नळातून येत होती, खारी. नळावर एकही हंडा नव्हता.

मार्था वाळू संपेपर्यंत सोबत आली. रिक्षा दिसली तेव्हा म्हणाली, "ताई, बाटलीत परवाचं पानी उरलं हाय काय?"

"आहे थोडं."

"मला देता? पोर चार दिसांनी पयल्यांदा माहेरी येल. तिचा पयला चहा फुटाया नको."

मी बाटली दिली. तिने ती पदराखाली धरली, एखादं तान्हं धरावं तशी.

बहिणीकडे आले तर स्वारी खुशीत. "परवा संध्याकाळी आम्हाला एकदम दोन टँकर मिळाले, टाकी भरून वाहिली!" मी पायाची वाळू झटकत बसले.

माझ्या परतीच्या दिवशी मार्था पाटी घेऊन आली. आवाज नेहमीचा नव्हता. बहिणीने विचारलं, "मुलगी येऊन गेली का?"

"आली. चहा दिला. चांगला झाला. पिऊन म्हनाली, आये, घरच्यासारखा चहा तिकडे नाय होत. अजून अर्धा कप दे."

"मग?"

मार्थाने पाटीवरचं फडकं सारखं केलं. "बाटलीतलं पानी संपलं होतं. मग सांगितलं. पास्कू तिथेच बसला होता. मान वर केली नाय त्याने. पोर उठली न विहिरीवर गेली. इंजिनवाली ओळ बघत उभी राहिली. मग काचा पुसल्या तिने, नि सासरी गेली." पाटी डोक्यावर घेताना म्हणाली, "पावसानंतर गोडं होईल म्हनतात. म्हनतात."

गावी आले. सुकेळी वाटली. सरपंचांनी विचारलं, "बाई, पंप कसा आहे?"

"पंप उत्तम आहे," मी म्हटलं. "फक्त बसवायच्या आधी एक ठरवा. ढग असतील त्या दिवशी लग्नाला पाणी कुठून आणायचं."

चावडीत हशा पिकला. "म्हणजे बाई पंप बघायला गेल्या आणि लग्न खाऊन आल्या!"

मीही हसल्यासारखं केलं. खारं पाणी त्यांना समजावून सांगता आलं असतं. रेजिनाने मागितलेला तो अर्धा कप कसा सांगायचा, ते मला कळलं नाही.