ओट्यावरून चढायची गाडी

आमच्या ह्यांना गाडीचं वेड आहे असं म्हटलं की ते चिडतात. वेड नाही, आवड म्हणे. आता जेवताना माणूस ताटाकडं न बघता मोबाइलवर नुसती चाकंच बघत असेल, तर त्याला काय म्हणायचं ते त्यांनीच सांगावं.

मुळात ही भलीमोठी गाडी घेतली ती सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवेना, आणि थोरली बहीण चुडाव्याला. ती मावशी घरात पडल्यापासून वॉकर धरून चालते, तिला कुठं येणं-जाणं नाही. म्हणून ह्यांनी दर पंधरवड्याला ताडकळसहून आईला तिकडं न्यायचं, असा शिरस्ता पडला. गेलं की मावशी आधी सासूबाईंच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. नातवंडं झालेल्या बहिणीची दृष्ट काढायची, काय तर बाई! सासूबाई तेवढ्यासाठीच जायच्या, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

तर एक दिवस हे परभणीहून आले ते कंपनीची चाकं काढून, बावीस इंची काळी कुळकुळीत चाकं बसवूनच. गल्ली गोळा झाली. "लय भारी दिसायलीय," जो तो म्हणायला लागला. सासूबाईंनी चारी चाकांना हळदीकुंकू लावलं, खाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. हे असे फुगले की विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी वळणावर गाडी खर्रर्र करून ओरडली. स्टेरिंग पुरतं वळवलं की टायर मडगार्डला आतून घासायचा. फिटरनं आतलं प्लास्टिक कापलं. तरी खड्ड्यात आदळली की घासायचंच, आणि आमच्याकडं बिनखड्ड्याचा रस्ता कुणी दाखवून द्यावा. शेवटी त्यानं स्प्रिंगांवर ठोकळे बसवून अख्खी गाडीच वर उचलून दिली. आवाज बंद झाला. पण आता आत बसायचं म्हणजे मी साडी खोचून, दार धरून, देवाचं नाव घेऊन चढायची. तिथं सासूबाईंची काय कथा!

पोराची हौस मोडायची नव्हती त्यांना. चुडाव्याचा विषय निघाला की कधी कंबर दुखायची, कधी उपास निघायचा. "पुढल्या बारीला जाऊ की," म्हणायच्या, आणि बहिणीशी फोनवर बोलताना मात्र पदर डोळ्याला. मला राहवेना.

"तुमच्या चाकांपायी आईंचं उरलंसुरलं माहेर तुटायलंय," मी ह्यांना सुनावलं.

"तुला तर प्रत्येक गोष्टीत खोटच दिसती," म्हणाले. पण डोकं चाललं त्यांचं. गाडी उलटी घेत घेत आमच्या ओट्याला चिकटवली, दार उघडलं, आणि सासूबाई ओट्यावरून एक पाऊल टाकून सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. ह्यांनी माझ्याकडं बघून मिशीत हसून घेतलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

मावशीच्या दारात ओटा नाही, हे आम्हा तिघांनाही चुडाव्यात गाडी थांबल्यावरच ध्यानात आलं.

ह्यांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. सासूबाईंनी एक पाय खाली सोडला, तो खुर्चीला लागतो न लागतो तोच गुडघ्यानं कच खाल्ली. "आई, मी उचलून घेतो की," हे म्हणाले.

"गप रे. मी काय हळदीचं पोतं हाय का? लोकं बघायलेत." त्यांनी पाय वर ओढून घेतला.

तेवढ्यात मावशीच वॉकर टेकवत बाहेर आली. दोघींची नजरानजर झाली. मावशीनं नेहमीसारखा हात वर केला, टाचा उंचावल्या. हात खिडकीच्या काठापर्यंतच गेला. सासूबाई आतून वाकल्या, पण पोट आड आलं, पाठ आड आली, तोंड काही हाताला लागेना. मग मावशीनं काय करावं? तिनं गाडीच्या दारावरूनच हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. सासूबाई समोरच्या काचेतून कुठंतरी बघत राहिल्या.

येताना ह्यांनी गाणी लावली नाहीत. सकाळी चहासुद्धा न घेता परभणी गाठली आणि संध्याकाळी गाडी आली ती जुन्या चाकांवर, ठोकळेही काढून. गल्लीतले विचारायला लागले, का हो काढली? "घासायलती," एवढंच म्हणाले.

पुढल्या खेपेला सासूबाई दार धरून आपल्या आपण उतरल्या. मावशी वॉकर घेऊन उंबऱ्यातच उभी होती. तिनं तोंडावरून सावकाश हात फिरवले, गालावर जरा जास्तच वेळ ठेवले, मग कडाकडा बोटं मोडली.

"आज आलीस बघ तू," ती म्हणाली. "मागल्या बारीला नुसती गाडीच आलती."

हे हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेले आणि गाडीपाशी बराच वेळ उगाच फडकं मारत उभे राहिले.