दहा तारांची गिटार

तारा चढवल्या आणि गिटारचं पोट फुगायला लागलं. टॉपवर स्टीलची पट्टी आडवी धरून पाहिलं. लाकूड उचललं होतं. मी पटापट सगळ्या तारा सैल केल्या.

समोर उमरेडच्या काकू बसल्या होत्या, शेजारी काका. काकू घाबरल्या. "फुटली काय गा?"

"नाही काकू. पण टॉप नवा करावा लागेल."

टॉप म्हणजे गिटारची पुढची पातळ फळी. आवाज तीच देते आणि तारांची ओढही तीच सोसते. जाड ठेवली तर गिटार मुकी होते, पातळ ठेवली तर फुगते. क्लासिकल गिटारला सहा तारा असतात. काकूंना दहा हव्या होत्या, जास्तीच्या चार खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या.

ऑर्डर घेताना मी विचारलं होतं, "सहा तारांत काय कमी आहे, काकू?"

"हे कमी आहेत," त्या काकांकडे पाहून म्हणाल्या.

काका खाणीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. काकू शाळेत संगीत शिकवायच्या. संध्याकाळी दोघं दोन गिटार घेऊन अंगणात बसत. काकू वरची चाल वाजवत, काका खालचे सूर देत. मग काकांना पॅरालिसिसचा अटॅक आला. डावा हात गेला, बोलणं तुटक झालं. आपली गिटार त्यांनी नजरेसमोरून हलवायला लावली.

"मी एकटी वाजवते तं हे तोंड फिरवतात," काकू म्हणाल्या. "खालचा सूर येत नाही ना. मले ह्यायचा भागही वाजवायचा आहे. ह्यायले पुरं गाणं ऐकवायचं आहे."

जास्तीच्या तारांचा फायदा हा, की त्या डाव्या हाताने दाबाव्या लागत नाहीत. उजव्या अंगठ्याने मोकळ्या छेडल्या की खर्ज लागतो.

मी टॉप काढला, नवा बसवला. आतून आधाराच्या लाकडी काड्या खर्जाच्या बाजूला थोड्या उंच ठेवल्या. या वेळी दहाही तारा चढवून गिटार काही दिवस तशीच राहू दिली. फुगली नाही. मग दोघांना बोलावलं.

काकूंनी चाल सुरू केली. छान चालली होती. पण अंगठा खर्जावर गेला की चाल तुटायची. परत सुरू केलं, परत तुटलं. शेवटी त्यांनी तारांवर तळवा ठेवला.

"माझ्याच्यानं दोघायचं नाही होत," त्या म्हणाल्या. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी काहीतरी समजावणार, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उजव्या हाताने आपली खुर्ची काकूंच्या डाव्या बाजूला ओढत होते. ते वाकले आणि सगळ्यात जाड तार छेडली. टेबलावरचे स्क्रू थरथरले.

"परत घे वं," काका म्हणाले.

काकूंनी घेतलं. त्या सहा तारांवर, काका चारांवर. काका मागे पडायचे. त्यांचा सूर येईपर्यंत काकू थांबायच्या. मी हातातली कानस खाली ठेवायचंही विसरलो.

एका जागी काका थांबले. मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले.

"इथं... चार सूर होते."

"हो," काकू म्हणाल्या. "एकच द्या."

त्यांनी एक दिला. उरलेल्या तीन सुरांची जागा काकूंनी रिकामी सोडली आणि मग पुढे गेल्या.

मला वाटलं, काम झालं. काकांना वाटलं नव्हतं. जाताना त्यांनी आपलं जाड बोट वर करून दाखवलं. "दोन तारायले... लागून राहिलं."

खरंच होतं. मी ती गिटार एका माणसाच्या अंगठ्यासाठी बनवली होती, तारा जवळजवळ लावून. ब्रिज, म्हणजे तारा बांधायची पट्टी, काढून रुंद बसवला. चारही तारांमध्ये काकांच्या बोटाएवढी जागा सोडली. मगच गिटार उमरेडला गेली.

आता कस्टम ऑर्डर आली की लाकूड, साईज, पॉलिश मी नंतर विचारतो. आधी विचारतो, वाजवणार किती जण?