गप्प उडणारा हेलिकॅम

उदयभानू त्या आठवड्यात घरात धड चार घटका एका जागी बसला असेल तर शपथ. चहाचा पेला घेऊन अंगणात जायचा, पेला कठड्यावर विसरून आत यायचा, आणि टेबलावरच्या दोन पेट्या पुन्हा उघडून बघायचा. एकीत त्याचा जुना हेलिकॅम, दुसरीत नवा, कोट्टयमच्या एल्दोने वापरून बघायला दिलेला. इकडे या उडत्या कॅमेऱ्याला ड्रोन म्हणणारा माणूस परगावचा समजावा. लग्न असो की होड्यांची शर्यत, आभाळात घरघरतो तो हेलिकॅम.

"एक तर घ्या, नाहीतर परत देऊन टाका," शिलाई मशीनवरून मान वर न करता त्याची बायको श्रीकला म्हणाली. "पेट्यांची झाकणं निखळतील आता."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतं की मला बघायला आलात तेव्हा एका भेटीत हो म्हणालात. माझ्यापेक्षा या यंत्राचा विचार जास्त चाललाय."

भानू पुन्हा अंगणात गेला आणि तिथे मगाचा पेला सापडल्यावर गार चहा पिऊन टाकला.

पंचक्रोशीत पहिला हेलिकॅम आणला तो यानेच. नायर मास्तरांच्या मुलीच्या लग्नात तो पहिल्यांदा वर गेला, तेव्हा केळीच्या पानावर वाढलेला पायसम तसाच टाकून माणसं बाहेर धावली होती. तेव्हापासून लोक त्याला आशान म्हणू लागले. आशान म्हणजे गुरू. अर्धा मान, अर्धी चेष्टा, असा हा शब्द. पण यंत्र म्हातारं झालं की गुरूही म्हातारा होतो. आता वधूपिते आधी मॉडेल विचारायचे. गेल्या महिन्यात एका नवरीने तोंडावर सांगितलं, "अंकल, तुमची ही गिरणी जरा लांब न्या ना, नवरा काय बोलतोय ते ऐकू येत नाहीये." सगळे हसले, भानूही हसला, आणि रात्रभर तळमळला. नवा हेलिकॅम मात्र डोक्यावर येऊन उभा राहिला तरी कळत नाही. झाड आलं की आपोआप थांबतो, आणि लांबूनच चिमणीचा डोळासुद्धा टिपतो.

लग्नांपुरतं असतं तर भानूने डोळे मिटून तो घेतलाही असता. घोडं अडलं होतं तेवरक्कावच्या उत्सवापाशी.

तेवरक्कावच्या देवाची पालखी परुंथ आल्याशिवाय हलत नाही. परुंथ म्हणजे तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार, देवाचा गरुड. भर दुपारी पालखी खांद्यावर घेऊन माणसं उभी राहतात आणि सगळं गाव मान खाली घालून वाट बघतं. वर बघायचा मान एकट्याचा, गावातल्या दोन मानकरी घराण्यांपैकी वरच्या घरातल्या वडीलधाऱ्याचा. त्याने परुंथ बघून "आर्प्पो!" अशी हाक दिली, की गाव "इर्रो!" म्हणून गर्जतं, माना वर होतात, चेंडा, म्हणजे इकडचा ढोल, वाजू लागतो आणि पालखी निघते. हाक चुकली, म्हणजे परुंथ येऊन गेला आणि हाक पडलीच नाही, तर मान कायमचा खालच्या घराकडे जातो. तसं आजवर झालेलं नाही.

हा मान सध्या नीलकंठ कैमळांकडे होता. ते भानूचे अम्मावन, म्हणजे सख्खे मामा. बाप लवकर गेल्यावर भानूला त्यांनीच वाढवलं, पहिला कॅमेराही त्यांनीच घेऊन दिला. आणि उत्सव समितीचा चिटणीस राजशेखरन हा खालच्या घराचा. आयुष्यभर आखातात राहून आलेला, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट आता पुराव्यानिशी व्हावी असं त्याला वाटे.

"आशान, यंदा नवं यंत्र असेल तर काम तुझं," त्याने स्टुडिओत येऊन सांगितलं. "नसेल तर बाहेरून माणूस आणतो. मला एकाच चित्रात दोन्ही हवंय. वर परुंथ, खाली म्हातारा."

"कशाला?"

"म्हाताऱ्याला दिसत नाही रे. तू भाचा, तू कशाला बोलशील! तुझ्या जुन्या यंत्रात सगळा ठिपक्यांचा खेळ. कावळा कुठला, परुंथ कुठला, ब्रह्मदेवाला कळायचं नाही. नव्यात स्वच्छ दिसेल. देवाच्या कामात लपवाछपवी कशाला?"

भानूला मनातून त्याची मान मुरगळावीशी वाटली. पण तोंडाने तो "बघतो" एवढंच म्हणाला, कारण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

त्याच संध्याकाळी तो मामाकडे गेला. म्हातारा ओसरीवर पान चघळत बसला होता. पायरवावरूनच म्हणाला, "ये भानू."

"अम्मावा, डोळे कसे आहेत आता?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझी मिशी पिकायला लागली, तेवढं दिसतं मला."

भानूने मिशी काढली त्याला वर्ष होत आलं होतं. तो कसाबसा हसला, इकडचं तिकडचं बोलला आणि घरी आला. वाटेत एकच प्रश्न त्याचं डोकं कुरतडत होता. दिसत नाही, तर दरवर्षी हाक अचूक कशी पडते? भानूने पडद्यावर स्वतः पाहिलं होतं. परुंथ यायचा आणि दुसऱ्या क्षणी मामाची हाक यायची. कधी चूक म्हणून नाही. देवच कानात सांगत असेल, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. समजूत काही टिकली नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. नवा हेलिकॅम उडवावा, तर मामाची फजिती आपल्याच हाताने जगाला दाखवायची. न उडवावा, तर राजशेखरन परका माणूस आणणार, आणि त्याला मामाचं काय पडलेलं असणार? शेवटी भानूने ठरवलं, यंत्र निदान आपल्या हातात तरी असू दे. एल्दोला फोन करून त्याने सांगितलं, "उत्सवाच्या संध्याकाळी हो की नाही ते कळवतो."

"आशान, तुम्ही हे गेल्या रविवारीही म्हणालात," एल्दो म्हणाला.

उत्सवाच्या दिवशी ऊन असं होतं की देवळाच्या आवारातल्या वाळूवर पाय ठरत नव्हता. पालखी उभी राहिली. पुढच्या दांडीला राजशेखरन होता, मान खाली घालून. सगळं गावच मान खाली घालून. भानू तेवढा तळ्याच्या पायऱ्यांपाशी रिमोटचा पडदा बघत उभा. पडद्यात बघणं म्हणजे आभाळात बघणं नव्हे, असा निकाल देवळाच्या मुख्य पुजाऱ्यांनी, तंत्रींनी, पूर्वीच दिलेला होता. आवाराच्या मधोमध मामा एकटा, कोरं मुंडू नेसून, तोंड वर करून.

नवा हेलिकॅम वर गेला. वर गेला म्हणण्यापुरताच, कारण आवाज म्हणून नाही. पाऊण तास गेला असेल. पालखीवाल्यांनी खांदे बदलले. कुणाचं तरी मूल रडलं आणि गप्प केलं गेलं.

आणि परुंथ आला.

काय दिसत होता तो! नारळांच्या शेंड्यांवरून संथ वर आला, पंख न हलवता वळला, आणि पांढऱ्या मानेवरचं एकेक पीस पडद्यावर उतरलं. आयुष्यात असं चित्र भानूने घेतलं नव्हतं. जुन्या हेलिकॅमची घरघर ऐकली की परुंथ चवताळून त्याच्यावर झेप घ्यायचा, आणि भानूला जीव मुठीत धरून यंत्र खाली ओढावं लागायचं. यंदा पक्ष्याला पत्ताच नव्हता. त्याने देवळावर एक घेर घेतला.

हाक आली नाही.

दुसरा घेर. मामा उभाच. भानूने मान वळवून बघितलं. म्हाताऱ्याचं तोंड वर होतं, पण मान तिरकी होती, आणि एक हात हळूच कानामागे गेला होता. तो आभाळ ऐकत होता.

तेव्हा भानूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परुंथ आला की आपण हेलिकॅम खाली ओढतो. ओढला की तो साऱ्या आवारावर किंचाळतो. आणि ते किंचाळणं ऐकून मामा हाक देतो. इतकी वर्षं आपणच मामाचे डोळे होतो आणि आपल्याला ठाऊक नव्हतं. आज आपण त्याला गप्प यंत्राखाली उभा करून आंधळा केला.

परुंथ तिसऱ्या घेरातून बाहेर वळू लागला होता. भानूने रिमोटवरची काडी दाबली. नवं यंत्र शहाणं, बेताबेताने खाली आलं आणि पिंपळ दिसताच थांबलं. भानूने शिवी हासडली. अंगठ्याने त्याची सगळी अक्कल बंद केली, काडी तळापर्यंत दाबली, आणि हेलिकॅम आभाळातून केकाटत सुटला.

म्हातारा ताठ झाला.

"आर्प्पो!"

"इर्रो! इर्रो!" माना वर झाल्या. देवळाच्या कळसावर परुंथ होता, अजून होता, जाता जाता सगळ्यांना दिसला. चेंडा कडाडला. पालखी हलली. हेलिकॅम तळ्याच्या पायरीवर आपटला, त्याचे दोन हात तुटून वेगळे झाले, ते त्या गजरात कुणाला ऐकूही गेलं नाही.

भानू सगळ्यांच्या आधी तिथे पोचला. गुडघ्यावर बसून त्याने तुकडे गोळा केले. चित्रं साठवणारी नखाएवढी चिप शाबूत होती. तिच्यात ते पीस अन् पीस होतं, आणि दोन घेर गप्प उभा असलेला मामाही होता. क्षणभर त्याने ती चिमटीत धरली. जीव तुटला त्याचा, खोटं कशाला सांगा. मग त्याने ती पाण्यात सोडून दिली.

पालखी पारावर टेकल्यावर राजशेखरन धापा टाकत आला. "आलं ना सगळं? दोघंही?"

"सगळं पाण्यात गेलं, चेट्टा. यंत्र हातातून सुटलं."

"आशान म्हणवतोस आणि हातातून सुटलं?"

"नवं आहे ना. हात बसला नाही अजून."

राजशेखरनने त्याच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. पण हाक पडली होती, परुंथ साऱ्या गावाने पाहिला होता, त्याने स्वतः पाहिला होता. तो पाय आपटत निघून गेला.

संध्याकाळी एल्दोचा फोन आला. भानू म्हणाला, "घेतला." पलीकडे आनंदीआनंद झाला, तो भानूने पुरता ऐकून घेतला, आणि मग यंत्राची अवस्था सांगितली. श्रीकला दारात उभी राहून ऐकत होती. भानूने तिला झालेलं सगळं सांगितलं. ती ओरडेल अशी त्याची तयारी होती. ती म्हणाली, "जा, आधी अम्मावनना भेटून या. मग बघू."

म्हातारा ओसरीवर अंधारात बसला होता. दिवा लावला नव्हता. भानू खालच्या पायरीवर बसला. देवळाकडून चेंड्याचा आवाज येत होता.

"नवं यंत्र मोडलं म्हणे," मामा म्हणाला.

"हो."

"मला वाटलंच. ओरडला तो वेगळ्याच आवाजात. मी घाबरलो, भानू. हाक देऊ की नको, कळेना. परुंथ आहे की नाही, कळेना. मग म्हटलं, भानू आहे तर परुंथ असणार."

भानूने मुंडूच्या टोकाने डोळे टिपले. अंधार होता ते बरं झालं. अर्थात ज्याच्यापासून डोळे लपवायचे, त्याला उजेडातही दिसणार नव्हतं.

"लग्नांना हवं ते उडव," म्हातारा हळूच म्हणाला, "पण ते जुनं विकू नकोस एवढ्यात."

"त्याला कोण घेतंय, अम्मावा."

"तरी. मी आहे तोवर ठेव."