सरळ केलेली धून

माझे दाजी जन्मापासून आंधळे, आणि धंदा मात्र छपाईचा. लोक कीबोर्डवर वाजवून मिडी फाइल पाठवत, दाजी तिचं छापील नोटेशन करून देत. मिडीत आवाज नसतो. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच नोंद; तीवरून संगणक पुन्हा वाजवतो. संगणकातली बाई एकेक सूर बोलून दाखवी आणि दाजी बाणांच्या बटणांनी पुढे सरकत चुका वेचत. दिवसभर तिच्या नादी लागलेला नवरा बघून ताई त्या बाईला ‘माझी सवत’ म्हणायची. एकदा प्रिंटरची शाई संपली आणि दाजींनी गायकवृंदाला कोरी पानं ऐटीत नेऊन दिली. “एकही चूक नव्हती हो!” असं म्हणत ताईने ती गोष्ट वर्षभर पुरवली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. स्वतः सुरेख वाजवायची. आजारपणात तिचा उजवा हात अधू झाला, तरी तिने एक धून रचली आणि दाजींच्या कीबोर्डवर एकदाच वाजवली. डावा हात वेळेवर, उजवा दर वेळी किंचित मागून. संगणकात तिची मिडी फाइल तेवढी राहिली, आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. मग ती गेली.

दाजी रोज जेवण झालं की ती फाइल लावत. त्या मागे राहणाऱ्या हातात ताई उरली होती. मला ते ऐकवत नसे, मी उठून भांडी घासायला जायचो.

भाची परगावी असते, तिने ती धून ऐकलीच नव्हती. तिचा फोन आला, “बाबा, आईची धून कागदावर द्या ना. मला वाजवायचीय.”

आता अशी फाइल जशीच्या तशी छापली तर सुरांचे तुकडे पडतात, मधे विश्रामांचा नुसता चुरा. कुणाच्या बापाला वाचता येत नाही. म्हणून या धंद्यात आधी सगळे सूर तालावर सरळ करायचे, मग सेव्ह करायचं आणि छापायचं. मूळ फाइल गिऱ्हाइकाकडे असतेच, त्यामुळे दाजींना प्रत ठेवायची सवय नव्हती. बोटांनी सवयीने सगळं त्या एकुलत्या फाइलवरच उरकलं. “फाइल सेव्ह झाली,” सवत म्हणाली. दाजींनी प्रोग्राम बंद केला.

जेवणानंतर त्यांनी धून लावली. दोन्ही हात अगदी बरोबर पडत होते. त्यांनी ती पुन्हा लावली, पुन्हा लावली.

“अरे, तिचा हात कुठे गेला?”

मी संगणक दुरुस्तीवाल्याला धरून आणलं. त्यानेही हात टेकले. मग दाजी स्वतःच बसले, उजव्या हाताचा एकेक सूर मागे ढकलत. केसभर, ऐकायचं, अजून केसभर. कित्येक दिवस जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. एका दुपारी मात्र त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

“आता तिचं कुठलं आणि माझं कुठलं, मलाच कळेना. असंच चालू ठेवलं ना, तर डोक्यात आहे तेही पुसून जाईल रे.”

त्यानंतर त्यांनी फाइल उघडली नाही.

सुट्टीत भाची आली. छापील पानं समोर ठेवून तिने धून वाजवली, सफाईने, तालाला पक्की. मला संताप आला. तिचा नाही, त्या स्वच्छ कागदांचा. वाजवून झाल्यावर ती वळली. डोळे भरलेले, पण चेहरा कसा खुललेला.

“बाबा, आई असंच वाजवायची ना?”

दाजी खुर्चीची पाठ धरून उभे होते.

“हो गं,” ते म्हणाले. “अगदी असंच.”